आठातला एक

ठाण्याच्या इंग्रजी शाळेत मी मराठी शिकवायला लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी गणिताच्या त्रिंबक मास्तरांनी मला विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" मी म्हटलं, "पेण." ते "बरं" म्हणाले. तासाभराने त्यांनी शाळेच्या शिपायाला, गोमाला, व्हरांड्याच्या कोपऱ्यात घेऊन विचारलं, "हे नवे मास्तर गाव कुठलं सांगतात?" गोमानेही पेणच सांगितलं. त्यावर मास्तरांचा पुढचा प्रश्न, "तुला कुणी सांगितलं?" गोमा म्हणाला, "त्यांनीच." "मग ते धरायचं नाही," असं म्हणून मास्तर वर्गावर निघून गेले. मी पेणचा आहे हे त्यांना पटायला दोन महिने लागले. पेणचा एक कासार ठाण्याला बांगड्या घेऊन आला होता, त्याने मला भर रस्त्यात नावाने हाक मारली आणि मास्तर नेमके शेजारून चालले होते, म्हणून ते तेवढ्यावर भागलं.

त्रिंबक मास्तर उंच आणि किडकिडीत होते. वैशाखातसुद्धा त्यांच्या अंगरख्याचे बंद गळ्यापर्यंत बांधलेले असत. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे पाहत नसत, हातांकडे पाहत. तोंड शिकवून ठेवता येतं, हात येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. शाळा सुटली की नकाशांच्या कपाटाला ते कुलूप लावत, ओढून पाहत, दारापर्यंत जात आणि परत येऊन मला म्हणत, "बापूराव, तुम्ही ओढा. मी लावलं म्हणजे मला ते लागलेलंच वाटणार." मी ओढत असे. एकदा वैतागून मी न ओढताच "लागलंय" म्हटलं, तर त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, गोमाला हाक मारली आणि त्याच्याकडून ओढवून घेतलं. त्यानंतर महिनाभर ते काम माझ्याकडे नव्हतं.

त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे माई म्हणत असू. मासुंद्याच्या तळ्याजवळ त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. तिथे दोन गवळी दूध घालत, एक सकाळी, एक संध्याकाळी. मास्तर सकाळच्याला संध्याकाळच्याच्या दुधाबद्दल विचारत आणि संध्याकाळच्याला सकाळच्याच्या. वर्षभर दोघांनी एकमेकांना शिव्या घातल्या, तोवर मास्तर खूश होते. एके दिवशी दोघांनीही दुसऱ्याच्या दुधाची स्तुती केली आणि मास्तरांनी दोघांनाही बंद केलं. "यांची ओळख झाली," एवढंच ते माईंना म्हणाले. नंतर कळलं की एकाची मुलगी दुसऱ्याच्या घरी दिली होती. माई मला ही हकीकत सांगताना हसत होत्या. पण आठ दिवस त्यांना बिनदुधाच्या काढ्यावर काढावे लागले होते, ते सांगताना हसू जरा कमी झालं.

"यांची ओळख आहे का?" हा त्यांचा लाडका प्रश्न होता. तो माणसांपुरता नव्हता. शाळेचं घड्याळ आणि रेल्वे स्टेशनचं घड्याळ मिनिटाला जुळतं याचा हेडमास्तरांना मोठा अभिमान होता. दोन घड्याळं एकच वेळ दाखवतात म्हणजे ती बरोबरच असणार, असं ते पाहुण्यांना सांगत. त्रिंबक मास्तरांनी गोमाला विचारलं, तेव्हा कळलं की दर सोमवारी गोमा स्टेशनवर जाऊन वेळ पाहून येतो आणि त्याप्रमाणे शाळेचे काटे सरकवतो. मास्तर भर सभेत म्हणाले, "म्हणजे आपल्याकडे एकच घड्याळ आहे, आणि ते स्टेशनवर आहे." हेडमास्तर त्यांच्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत.

इंग्रजी बीजगणिताच्या पुस्तकात अगदी शेवटी संभवाचं प्रकरण होतं. परीक्षेला ते कधी येत नसे, म्हणून इतर मास्तर तिथवर जात नसत. त्रिंबक मास्तर मात्र त्या प्रकरणासाठीच बाकीचं पुस्तक शिकवत असावेत असा मला संशय होता. शेजारच्या वर्गातून मला सगळं ऐकू येई. ते फोडलेले चिंचोके आणत. मधोमध फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू पांढरी आणि एक काळी. तो पांढरा पडायची आणि काळा पडायची शक्यता सारखीच आहे ना, हे पाहायला त्यांनी दिवाळीची अख्खी सुट्टी चिंचोके टाकण्यात घालवली होती आणि एकीकडे झुकणारे सगळे फेकून दिले होते. मग वर्गात विचारत, "एक टाकला. पांढरा पडायचा संभव किती?" मुलं म्हणत, अर्धा. "दोन टाकले. दोन्ही पांढरे?" अर्ध्याचा अर्धा, पाव. "तीन?" पावाचा अर्धा, अर्धपाव. "म्हणजे आठातला एक. गुणाकार करा, भिऊ नका."

मुलं गुणाकाराला सरावली की ते रुमालाखालून दोन चिंचोके टाकत आणि विचारत, दोन्ही पांढरे पडायचा संभव किती? सगळा वर्ग ओरडे, पाव. मास्तर रुमाल उचलत. दोन्ही चिंचोके लाखेने एकमेकांना चिकटवलेले असत. "अर्धा," ते शांतपणे म्हणत. "गुणाकार करण्याआधी यांची ओळख आहे का ते कुणी विचारलं?" मुलांना ही फसवणूक वाटे. मलाही वाटे.

मला वाटायला निराळं कारणही होतं. माझ्या धाकट्या बहिणीचं, गोदाचं, लग्न कल्याणच्या एका मुलाशी ठरत आलं होतं. ठाण्याचा, कल्याणचा आणि पनवेलचा अशा तीन जोश्यांना मी पत्रिका दाखवल्या. तिघांनीही उत्तम जुळतात म्हणून सांगितलं. मी मोठ्या हौसेने मास्तरांना म्हटलं, "तीन गावचे तीन जोशी, एकाला दुसऱ्याचं नाव माहीत नाही. तिघेही चुकायचा संभव किती, करा गुणाकार." ते म्हणाले, "पंचांग कुठलं वापरतात?" मी चौकशी केली. तिघांचं पंचांग एकाच छापखान्याचं निघालं. "एकच जोशी तुम्ही तीनदा गाठलात," ते म्हणाले आणि पुढच्या रविवारी स्वतः कल्याणला गेले. तिथे त्यांनी मुलाच्या परटाला, न्हाव्याला आणि शेजाऱ्याला वेगवेगळं गाठून विचारलं. परीट आणि न्हावी दोघेही म्हणाले की मुलगा खोकतो. आमच्या वडिलांनी लग्न मोडलं. गोदाला पुढे चांगलं घर मिळालं, पण तो मुलगा आजही कल्याणला ठणठणीत आहे. त्या महिन्यात त्याला पडसं झालं होतं, दुसरं काही नाही. मी हे मास्तरांना ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, "पडसं दोघांनीही पाहिलं होतं. चूक माझी." चूक कबूल करणारा माणूस मला नेहमी आवडतो, पण त्या दिवशी नाही आवडला.

बायाच्या भानगडीत मास्तर पडले ते यानंतर दोन वर्षांनी.

बाया ही गोमाची थोरली बहीण. डोंबिवलीच्या बाजूला खाडीकाठी एका मिठागराच्या गावी तिचं सासर. नवरा वारला, पदरात दोन मुली. नवऱ्याच्या वाट्याच्या कोंड्या, म्हणजे मीठ पिकवायचे वाफे, तिच्या दिराने, पोशाने, आपल्याकडे घेतल्या. यावरून चैत्रात तिचं पोशाशी कडाक्याचं भांडण झालं आणि ती साऱ्या गावादेखत म्हणाली, "माझ्या तळतळाटानं इरघलंल तुमचं मीठ." पुढच्याच अमावास्येच्या उधाणाला ते खरोखरच विरघळलं. खाडीचं पाणी मिठागरात घ्यायला आणि अडवायला बांधात फळ्यांचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. तिची एक फळी कुणीतरी काढून ठेवली होती. रात्रीतून भरतीचं पाणी आत आलं आणि बारा घरांचं तयार मीठ पाण्यात गेलं. आदल्या संध्याकाळी बाया उघाडीजवळ चिंबोऱ्या धरताना दिसली होती.

गावाने कौल लावला. त्या गावात देवी तीन, आणि त्या सख्ख्या बहिणी. थोरली गावात, मधली बांधावर, धाकटी टेकडीवर. देवीच्या दोन खांद्यांवर तगरीची एकेक ओली कळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बायाने फळी काढली का, असं गावच्या राघो भगताने तिघींनाही विचारलं आणि तिन्ही ठिकाणी उजवी पडली. येत्या रविवारी गाव बसून तिला वाळीत टाकणार होतं. म्हणजे कुणी विस्तव द्यायचा नाही, विहिरीवर पाणी भरू द्यायचं नाही, मिठागरात कामाला घ्यायचं नाही. दोन मुलींना घेऊन तिने जायचं कुठे, हे गोमा आम्हाला शिक्षकांच्या खोलीत सांगत होता.

मला इथे लाज वाटते, पण लिहितो. माझ्या डोक्यात मास्तरांचे चिंचोके होते. गोमाच्या समोरच मी म्हटलं, "तीन कळ्या आपोआप उजव्याच पडायचा संभव आठातला एक. म्हणजे आठातले सात भाग तिने केलंच असणार." गोमाने हातातला तांब्या खाली ठेवला. मास्तर एवढे संतापलेले मी कधी पाहिले नव्हते. "बापूराव," ते म्हणाले, "आठातला एक हा कळ्यांचा संभव. बायाचा तुम्ही कुठून काढलात? कळी काय उघाडीवर जाऊन बघून आली?" मग गोमाकडे वळून विचारलं, "त्या तीन देवींची एकमेकींत ओळख आहे का?"

गोमा गोंधळून म्हणाला, "मास्तर, सख्ख्या बहिनी हायत."

रविवारी सकाळच्या भरतीबरोबर आम्ही तिघे ठाण्याच्या बंदरावरून होडीने निघालो. मास्तरांनी बरोबर सोनाराचा तराजू घेतला होता. कशाला, ते सांगेनात.

राघो भगत म्हातारा, सरळ माणूस होता. तो लबाड निघेल अशी माझी खात्री होती आणि बहुधा मास्तरांचीही. मास्तरांनी विचारलं, "थोरलीची कळी पडायला किती वेळ लागला?" म्हणे, लगेच पडली. "मधलीची?" भगत म्हणाला, "मधलीची पयली डावी परली. मंग पुन्ना लावली. धाकलीची दोनदा डावी परली, तिसऱ्या येलंला उजवी."

"डावी पडली ती का धरली नाही?"

भगताला प्रश्नच कळला नाही. "थोरलीनं सांगितल्यावर धाकली दुसरं कसं सांगंल? थोरलीचा सबूद ती मोरंल का? डावी परली म्हंजे तिनं नीट आयकलं नव्हतं. म्हनून पुन्ना इचारायचं."

यात त्याला काही लपवण्यासारखं वाटत नव्हतं. गाव जमलं होतं, त्यातल्या एकालाही वाटत नव्हतं. वाडवडलांपासून कौल असाच लावत होते. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, कारण आठातल्या एकाचा माझा हिशेब तिथे संपला होता. तीन कौल नव्हतेच. एकच होता, आणि बाकीचे दोन त्याचे होयबा.

मास्तरांनी कौलाला नावं ठेवली नाहीत. त्यांनी बायकांकडे तोंड केलं आणि म्हणाले, "सासूसमोर सुनेला विचारलं तर ती मनातलं सांगते का?" दोघीतिघी पदराआड हसल्या. "मग धाकटीला थोरलीसमोर का विचारता? तिघींना एकाच वेळी विचारा. एकीने काय सांगितलं ते दुसरीला कळता कामा नये. तिघींनीही आपापल्या मनाने उजवी दिली, तर मी खाली मान घालून जाईन. एकीने जरी डावी दिली, तरी बायाचं नाव पुन्हा काढायचं नाही."

गावाची कुजबूज बराच वेळ चालली. शेवटी भगत म्हणाला, "देवींची मर्जी त्यांच्या तोंडून आयकायला कसली भीती." पोशा मागे उभा होता.

मग मास्तर बायाजवळ गेले. ती एका मुलीला कडेवर घेऊन उभी होती. त्यांनी खिशातून तीन चिंचोके काढले आणि तिला सगळं समजावून सांगितलं, वर्गात सांगत त्यापेक्षा सावकाश. "बाई, आठ वेळा केलं तर एकदा तिन्ही उजव्या पडतील. तसं झालं तर माझा इलाज नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी परत जातो."

बायाने चिंचोक्यांकडे पाहिलं. "आनि आज किती हाय?"

"आज आठात आठ."

"मंग लावा कल्या," ती म्हणाली.

मास्तरांनी सगळ्या कळ्या एकाच झाडाच्या घेतल्या आणि तराजूवर तोलून तोलून जोड्या लावल्या. गावाला ते पूजेपैकीच वाटलं असावं. प्रत्येक देवीपाशी गावचा एक आणि आमच्यातला एक, असं ठरलं. थोरलीपाशी भगत आणि मी, मधलीपाशी गोमा आणि गावचा एक म्हातारा. टेकडीवर मास्तर, आणि गावाने त्यांच्याबरोबर पोशाला दिलं. बायाचा एवढा वैरी गावात दुसरा नव्हता, तेव्हा तो तिच्या बाजूने खोटं बोलणार नाही, हे सगळ्यांना पटलं. कल्याणहून दुपारची गाडी येते, तिची शिट्टी तिन्ही ठिकाणी ऐकू जाते. शिट्टी झाली की प्रश्न विचारायचा.

शिट्टी झाली. भगताने विचारलं. मी देवीकडे पाहत होतो, आणि नवस न मानणारा माणूस मनात "डावी, डावी" म्हणत होतो. उजवी पडली. थोड्या वेळाने बांधावरून गोमा आला. त्याच्या बरोबरच्या म्हाताऱ्याला काही सांगावं लागलं नाही, गोमाचं तोंड पुरे होतं. मधलीनेही उजवीच दिली होती. आठातला एक वाढून आता दोनातला एक झाला होता.

टेकडीवरून गावात यायला मिठागराच्या बांधावरूनच वाट होती आणि ती सगळी देवळाच्या पायरीवरून दिसत असे. दोन माणसं येताना दिसली. एक उंच. अर्ध्या वाटेवर ती थांबली. मग खाली बसली. का बसली ते इतक्या लांबून कळेना. बराच वेळ गेला. मग दोघं उठून चालू लागली, आधीपेक्षा हळू.

पायरीशी आल्यावर पोशाच पुढे झाला. "डावी परली," तो म्हणाला. मास्तर त्याच्या मागे उभे होते. भगताने त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनी होकाराची मान हलवली. पोशाने सांगितल्यावर कुणी शंका घेतली नाही. बहिणींचं एकमत नाही, विषय संपला, असं भगताने जाहीर केलं. बाया मुलीला छातीशी धरून रडायला लागली.

परत येताना मी होडीत मास्तरांचं तोंडभर कौतुक केलं. ते पाण्याकडे पाहत म्हणाले, "पुरे." मी विचारलं, "बांधावर बसलात कशाला?" ते म्हणाले, "पोशाच्या पायात काटा गेला होता." मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं. तराजूच्या दोऱ्या ते सारख्या गुंडाळत आणि सोडत होते.

संशय हा रोग संगतीने लागतो. पुढे पोशा एकदा काही कामासाठी शाळेत गोमाकडे आला, तेव्हा मी सहज विचारल्यासारखं केलं, "त्या दिवशी काटा फार खोल गेला होता का रे?" तो चटकन म्हणाला, "व्हय, मास्तरांच्या पायात." दोघांनी एकच काटा सांगितला होता, पण पाय ठरवायचा राहिला होता. मी मास्तरांना काही बोललो नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर मिठागरं पुन्हा सुरू झाली, तेव्हा पोशाने बायाच्या नवऱ्याच्या कोंड्या तिला परत दिल्या. गाव म्हणालं, देवीने बुद्धी दिली. आणि मॅट्रिकच्या वर्गाला त्रिंबक मास्तरांनी संभवाचं प्रकरण शिकवलंच नाही. कुणीतरी विचारलं तर म्हणाले, "परीक्षेला येत नाही." पुढे कधीच शिकवलं नाही.

मी चौदा वर्षं गप्प राहिलो. मास्तर पेन्शनीत निघाले, माई वारल्या, मास्तर कल्याणला पुतण्याकडे राहायला गेले. ते फार आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेलो. उन्हं खिडकीतून अंथरुणावर आली होती. बरीच इकडची तिकडची चौकशी झाली आणि माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "त्रिंबकराव, काटा कुणाच्या पायात गेला होता?"

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "उजवी पडली होती. आठातला एक आपल्या वाट्याला आला."

मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. कळी पडल्यावर मास्तर घाबरले, पण पोशा त्यांच्याहून घाबरला होता. अर्ध्या बांधावर बसला आणि म्हणाला, "मास्तर, फली मी काडलेली." उधाणाच्या दिवशी दुपारी ओहोटीला मासळीसाठी त्याने उघाडीत जाळं लावलं होतं आणि फळी परत घालायची राहिली. कौल बायाचं नाव घेतोय म्हणून तो गप्प बसला होता. पण आता धाकटी देवीनेही, थोरलीला न विचारता, त्याच्या देखत खोटं सांगितलं होतं, आणि ते खोटं आहे हे साऱ्या गावात त्याला एकट्याला ठाऊक होतं. मास्तर म्हणाले, "गावात जाऊन खरं सांग." पोशा म्हणाला, "माझी पाच पोरं हायत. मना वालीत टाकतील." तो मास्तरांचे पाय धरून बसला. शेवटी मास्तरच म्हणाले, "मग बाकी दोघींचं काहीही असो, इथे डावी पडली म्हणून सांग. मी सांगून ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील, तू तिचा वैरी. आणि तिच्या कोंड्या तिला दे."

"खोटी साक्ष खरी कशी दिसते हे मला चांगलं माहीत होतं," मास्तर म्हणाले. "जन्मभर तेच हुडकत आलो."

मी म्हटलं, "पण त्यात वाईट काय झालं? बाई निर्दोष होती."

"ते मला पोशाने सांगितलं. एकट्याने. दुसरं कोण होतं तिथे?" ते म्हणाले. "गावाला मी शब्द दिला होता, उजव्या पडल्या तर मान खाली घालीन म्हणून. तो मोडला, तोही एका माणसाच्या सांगण्यावर. त्यानंतर मुलांपुढे ते प्रकरण घेऊन उभा कसा राहणार होतो मी?"

मला फार वाईट वाटलं. या माणसाला मी चौदा वर्षं चोरासारखा जोखत होतो, आणि तो स्वतःला माझ्याहून कडक जोखत होता. मी त्यांचा हात धरला. तो हात मी आधी कधीच धरला नव्हता.

"बाया अजून टेकडीवर जाते," ते म्हणाले. "दर वर्षी धाकटीची ओटी भरते. धाकटीने आपल्याला वाचवलं असं तिला वाटतं. ते तसंच राहू द्या. तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

आता ते पुतण्याला हाक मारतील, त्याच्यासमोर मला पुन्हा विचारतील, निदान माझ्या हातांकडे तरी पाहतील, असं मला वाटलं. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. "बरं," ते म्हणाले, आणि उन्हं डोळ्यांवर येत होती म्हणून कुशीवर वळले. मी निघालो तेव्हा त्यांना झोप लागली होती. आठवड्याने पुतण्याचं पत्र आलं.

पोशा केव्हाच गेला. बाया गेल्या शिमग्यात वारली, त्याची बातमी गोमाने आणली. आता कुणाचं काही बिघडत नाही, असं मी स्वतःला समजावलं आणि हे लिहायला बसलो. पण मास्तरांनी मला बाया असेपर्यंत गप्प राहा असं सांगितलं नव्हतं. नुसतं सांगू नका म्हटलं होतं, आणि मी नाही म्हणालो होतो.